मल्ल हरिश्चंद्र बिराजदार

मराठवाड्यात यात्रा आणि कुस्ती यांचे नाते फार जुने आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो किंवा लातूरच्या सिद्धेश्वराची, कुस्त्यांचा फड रंगल्याखेरीज यात्रा पुरी झाली असे कोणास वाटत नाही. हलगी कडाडू लागली, की म्हाताऱ्याकोताऱ्यांची पावलेही आखाड्याकडे वळतात. अशा या प्रदेशाने महाराष्ट्रास एक थोर मल्ल दिला. त्यांचे नाव हरिश्चंद्र बिराजदार.

लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यात रामलिंग मुदगड नावाचे गाव आहे. तेथे 1950 साली हरिश्चंद्रांचा जन्म झाला. त्या वेळी लातूर हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. निलंगा तालुका तेव्हा बीदर जिल्ह्यात मोडत असे. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त होऊन दोनच वर्षे लोटली होती.

कुस्ती शिकावी, तर कोल्हापुरास जावे, असा त्या काळचा रिवाज होता. राजर्षी शाहू महाराजांनी त्या नगरीत मल्लांना उदार आश्रय दिला होता आणि खासबागेचे भव्य मैदान उभारले होते. हरिश्चंद्रांनीही गाव सोडले आणि कोल्हापुरातील गंगावेस तालीम गाठली. तालमीतले जीवन खडतर असते. पहाटेच्या काळोखात उठावे, जोर-बैठका काढाव्यात, हौद्यातील तांबडी माती उकरावी आणि घामाने अंग निथळेपर्यंत लढत करावी. वस्तादांचा शब्द तेथे प्रमाण मानला जाई.

या तपश्चर्येचे फळ लवकरच मिळाले. 1969 साली महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातूर येथे भरली, आणि लातूरच्याच मातीतील या एकोणीस वर्षांच्या तरुणाने तो किताब जिंकला. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झालेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. रुस्तुम-ए-हिंद या मानाच्या किताबाचेही ते मानकरी ठरले.

तथापि जुने लोक आजही आठवण काढतात ती बेळगावच्या कुस्तीची. दिल्लीचे गुरू हनुमान यांचे शिष्य सतपाल यांचा त्या काळी सर्वत्र दरारा होता. उंचीने आणि वजनाने ते बिराजदारांहून सरस होते. 1977 साली बेळगावच्या मैदानात बिराजदारांनी त्यांना अस्मान दाखविले. शरीर कितीही धिप्पाड असो, डाव जाणणारा आणि धीर न सोडणारा मल्ल त्याला भारी पडतो, हे त्या दिवशी लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

पुढे काळ पालटला. संस्थाने विलीन झाली तेव्हाच मल्लांचा राजाश्रय संपला होता. त्यानंतर कुस्ती लोकाश्रयावर तगली; पण लोकांचेही मन हळूहळू दुसरीकडे वळले. घरोघरी दूरदर्शन आले, गल्लोगल्ली क्रिकेटचा खेळ सुरू झाला. खुराकाचा खर्च साध्या शेतकऱ्यास पेलेनासा झाला. शिवाय खुद्द कुस्तीही बदलली. मातीवरची जुनी कुस्ती निकाली असे. प्रतिस्पर्धी चीतपट होईपर्यंत मल्ल झुंजत राहत, मग त्यास कितीही वेळ लागो. जागतिक स्पर्धा मात्र गादीवर होतात. तेथे घड्याळ चालते, गुण मोजले जातात आणि आता अवघ्या सहा मिनिटांत लढतीचा निकाल लागतो. मातीत प्रतिस्पर्ध्यास दमवीत नेण्याचा धीर कामी येतो. गादीवर पहिल्या क्षणापासून चपळाई लागते. त्यामुळे मैदाने गाजविणाऱ्या अनेक मल्लांची नावे त्यांच्या हयातीतच मागे पडली. त्यांचे बळ उणे नव्हते. ज्या युगाने त्यांना डोक्यावर घेतले, ते युगच सरले होते.

अशा वेळी माणसापुढे दोन वाटा असतात. गेलेल्या दिवसांसाठी हळहळत बसावे, किंवा आपल्याजवळचे धन नव्या पिढीच्या हाती द्यावे. बिराजदारांनी दुसरी वाट धरली. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते वस्ताद झाले. मातीत मुरलेले हे मल्ल गादीवर खेळणारी मुले घडवू लागले. लातूर जिल्ह्याचेच काका पवार हे त्यांचे शिष्य. त्यांना 1998 सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे हा मुलगाही त्यांच्याच हाताखाली तयार होऊ लागला.

14 सप्टेंबर 2011 रोजी पुण्यात बिराजदारांचे निधन झाले. राहुलचे शिक्षण तेव्हा पुरे झाले नव्हते. ते काम काका पवारांनी पुढे चालविले. 2018 साली ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राहुल आवारे यांनी राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी जे पदक गुरूने मिळविले होते, तेच शिष्याच्या गळ्यात पडले. पण तो सोहळा पाहण्यास गुरू उरले नव्हते.

मैदानातील जयघोष अल्पायुषी असतो. हलगी थांबते, गर्दी पांगते, वर्तमानपत्रांतील नावे पुसट होतात. शिष्याला दिलेली विद्या मात्र गुरूच्या मागेही जगते. हरिश्चंद्र बिराजदारांचे मोठेपण त्यांनी जिंकलेल्या किताबांत आहेच. परंतु त्याहूनही अधिक ते या दानात आहे.