व्याकरणकार लिंडले मरे

इंग्रजीच्या तासास व्याकरणाचे पुस्तक उघडण्याची आज्ञा झाली म्हणजे वर्गात जी निरुत्साहाची छाया पसरते ती आमच्या बालवाचकांस सांगावयास नको. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, कर्ता, कर्म, उपमा, रूपक अशा संज्ञांची ती लांबलचक रांग पाहून, ही आपल्या छळाकरिताच कोणी रचली असावी, असा ग्रह कित्येकांचा होतो. आमचाही बालपणी तसाच ग्रह होता हे आम्ही प्रांजलपणे कबूल करितो. परंतु ज्या गृहस्थाने या संज्ञा शाळेतील मुलामुलींच्या आटोक्यात आणिल्या, त्याचे चरित्र वाचनात आल्यापासून आमचा तो ग्रह पार पालटला. ते चरित्र विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे थोडक्यात ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या गृहस्थाचे नाव लिंडले मरे. यांचा जन्म अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतात स्वाटारा येथे सन १७४५ मध्ये झाला. त्या वेळी तो प्रांत इंग्रजांच्या अमलाखाली होता. वडील रॉबर्ट मरे हे आरंभी पिठाच्या गिरणीचा धंदा करीत; पुढे ते व्यापारात पडले आणि न्यूयॉर्क येथे येऊन मोठे सधन झाले. त्या शहरात मरे हिल या नावाचा जो भाग आहे त्यास याच कुटुंबाचे नाव मिळालेले आहे. हे कुटुंब क्वेकर पंथाचे होते. साधा वेष, सत्य भाषण, युद्धाचा निषेध आणि मौन प्रार्थना ही त्या ख्रिस्ती पंथाची मुख्य लक्षणे होत. बारा भावंडांत लिंडले हा वडील मुलगा.

मुलगा बुद्धिमान, परंतु मोठा खोडकर व चपळ होता. धावणे, उड्या मारणे यांत त्याची फार हौस. आपला धंदा याने चालवावा म्हणून पित्याने त्यास पेढीवर बसविले. पण जमाखर्चाच्या वह्यांत त्याचे मन रमेना. पित्याची शिस्त कडक होती. परवानगीवाचून सायंकाळी घराबाहेर जावयाचे नाही, असा त्यांचा दंडक असे. एकदा वडील घरी नसताना आप्ताच्या आमंत्रणावरून लिंडले बाहेर गेला. यात काही अपराध होतो असे त्यास वाटले नव्हते. तथापि दुसऱ्या दिवशी त्यास कठोर शिक्षा झाली. ती त्याच्या मनास इतकी लागली की, थोडेसे पैसे घेऊन तो घरातून निघून गेला आणि न्यूजर्सी प्रांतातील बर्लिंग्टन गावी एका वसतिगृहयुक्त शाळेत जाऊन राहिला. येथे ध्यानात धरण्याजोगी गोष्ट ही की, घर सोडून पळालेला हा मुलगा शाळेत गेला व तेथे फ्रेंच भाषा शिकू लागला! पुढे योगायोगाने घरच्या मंडळीस त्याचा ठावठिकाणा लागला आणि पितापुत्रांचा समेट झाला. त्या काळात आईच्या जिवाची काय अवस्था झाली असेल याची कल्पना पालकांनीच करावी. पळून जाण्याचे आम्ही समर्थन करीत नाही. पण नियम मोडला कसा हे न विचारता केवळ दंड करणारा पिता मुलास कोठवर लोटू शकतो, हेही या प्रसंगावरून दिसते. पुढे नियमांचे पुस्तक लिहिणाऱ्या या पुरुषाने प्रत्येक नियमाखाली त्याचे स्पष्टीकरण देण्याचा परिपाठ ठेविला, त्याचे मूळ कदाचित या बालपणच्या जखमेत असेल, असे आम्हांस वाटते.

घरी परतल्यावर त्यास खाजगी शिक्षक मिळाला आणि विद्येची गोडी लागली. व्यापार सोडून कायद्याचा अभ्यास करावा असे त्याच्या मनाने घेतले. पित्यास हे रुचेना. या वेळी मात्र मुलगा पळाला नाही. त्याने आपली सर्व कारणे व्यवस्थित लिहून काढिली व पित्याचे वकील बेंजामिन किसॅम यांजकडे नेऊन दिली. ती वाचून किसॅम यांचे मन वळले व त्यांनी पित्याचेही मन वळविले. नीट लिहिलेल्या शब्दांचे सामर्थ्य लिंडले मरे यांस प्रथम कळले ते असे. किसॅम यांच्या कचेरीत त्यांचे सहाध्यायी जॉन जे हे होते. हेच पुढे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे पहिले सरन्यायाधीश झाले. सन १७६७ मध्ये मरे यांचा विवाह हॅना डॉब्सन हिच्याशी झाला. हा संसार जवळजवळ एकोणसाठ वर्षे चालला. यांस मूलबाळ झाले नाही.

इतक्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा वणवा पेटला. क्वेकर पंथाचे असल्यामुळे शस्त्र धरणे त्यांस निषिद्ध होते. ते लाँग आयलंडमधील इस्लिप येथे सुमारे चार वर्षे जाऊन राहिले. नंतर इंग्रज फौजेच्या ताब्यातील न्यूयॉर्कमध्ये परत येऊन त्यांनी व्यापार आरंभिला व त्यात पुष्कळ द्रव्य मिळविले. देश संकटात असता शत्रूच्या छत्राखाली धन जोडले, असा दोष त्यांस कोणी दिल्यास तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. चरित्रनायकाच्या गुणांबरोबर ही गोष्टही वाचकांसमोर असावी. असो. सन १७८३ च्या सुमारास, वयाची चाळिशीही उलटली नसता, ते धंद्यातून निवृत्त झाले. नदीकाठी सुंदर बंगला होता, पैसा होता, प्रेमळ पत्नी होती. आता सुखात दिवस घालवावयाचे, एवढेच काय ते उरले होते.

परंतु मनुष्याचे बेत आणि ईश्वराची योजना या पुष्कळदा भिन्न असतात. मरे यांस ज्वर आला व तो गेल्यावर अंगातील शक्ति परत येईना. बालपणी ज्या पायांनी धावण्याची एवढी हौस, ते पाय थोडे चालताच गळून जाऊ लागले. पेन्सिल्व्हेनियातील डोंगराळ मुलखात हवापालट करून पाहिला. उपयोग झाला नाही. अखेर इंग्लंडातील थंड हवा मानवेल असा वैद्याचा सल्ला पडल्यावरून सन १७८४ च्या अखेरीस पतिपत्नींनी मायदेश सोडला. थोड्या दिवसांत बरे होऊन परत यावयाचे असा त्यांचा संकल्प होता. तो सिद्धीस गेला नाही. यॉर्क शहराजवळ होलगेट येथे त्यांनी घर घेतले आणि उरलेली चाळीस वर्षे तेथेच काढिली. आरंभी ते गाडीत बसून थोडे बाहेर जात. शेवटची सोळा वर्षे तर त्यांस घराचा उंबरठाही ओलांडता आला नाही. दिवसभर कोचावर बसून राहावे, खिडकीतून बाग पाहावी, भेटीस येणाऱ्यांशी बोलावे, एवढाच त्यांचा संचार उरला.

अशा स्थितीत सामान्य मनुष्य चिडखोर होतो किंवा आपल्या दुःखाचीच पोथी वाचीत बसतो. मरे यांनी दुसरा मार्ग धरिला. पाय चालत नाहीत तर हात चालतो, हात चालतो तर लेखणी चालेल, असा त्यांनी विचार केला. सन १७८७ मध्ये त्यांनी धर्माचा मनावरील प्रभाव दाखविणारे पुस्तक रचिले आणि त्याच्या प्रती प्रथम विनामूल्य वाटिल्या. परंतु ज्या ग्रंथामुळे त्यांचे नाव जगभर झाले त्याची कथा निराळीच आहे.

यॉर्क येथे एस्थर ट्यूक या बाईंनी सन १७८५ मध्ये क्वेकर मुलींकरिता शाळा स्थापन केली होती. तेथील तरुण शिक्षिकांस इंग्रजी व्याकरण शिकवावयाचे असे. परंतु जे ग्रंथ उपलब्ध होते ते विद्वानांसाठी लिहिलेले, मुलींच्या डोक्यावरून जाणारे. तेव्हा त्यांनी मरे यांस विनंती केली की, आमच्या मुलींस समजेल असे व्याकरण आपण लिहून द्यावे. मरे प्रथम कचरले. आपण वैयाकरण नव्हे, हे त्यांस ठाऊक होते. परंतु शिक्षिकांनी आग्रह सोडला नाही, आणि सन १७९५ मध्ये त्यांचे इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते.

या पुस्तकात नवीन असे काय होते? खरे पाहता सिद्धांत बहुतेक जुनेच होते. बिशप लाउथ यांच्या सन १७६२ च्या व्याकरणाचा आणि इतर पूर्वसूरींचा आधार मरे यांनी मुक्तहस्ते घेतला. स्वतःस ते संग्राहकच म्हणवीत. त्यांचे कौशल्य मांडणीत होते. वर्णविचार, शब्दविचार, वाक्यविचार आणि छंदोविचार असे त्यांनी चार विभाग पाडिले. शब्दांच्या नऊ जाति सांगितल्या. वाक्यरचनेचे बावीस नियम दिले. मुख्य नियम मोठ्या टाइपात व स्पष्टीकरण लहान टाइपात छापिले. म्हणजे लहान मुलांनी मोठी अक्षरे पाठ करावी व मोठ्यांनी बारीक अक्षरांत कारणे शोधावी. पुस्तकाच्या शेवटी शुद्ध, यथार्थ व नेमके कसे लिहावे याचे विवेचन जोडून त्यात उपमा, रूपक, अतिशयोक्ति, अचेतनावर चेतनाचा आरोप इत्यादि अलंकारांची ओळख करून दिली. आज हायस्कुलातील विद्यार्थी ज्या संज्ञा घोकतात त्यांपैकी बहुतेक तेथे एका ठिकाणी सापडतात.

सन १७९७ मध्ये त्यांनी अभ्यासमाला काढिली. तीत मुद्दाम चुकीची वाक्ये देऊन ती विद्यार्थ्याने सुधारावी अशी योजना होती. उत्तरांची किल्ली निराळी छापिली. सन १७९९ मध्ये त्यांचे वाचनपुस्तक निघाले. त्यात चांगल्या लेखकांचे वेचे असून, गुलामगिरीचा धिक्कार करणारी कूपर कवीची कविताही होती. हे वाचनपुस्तक अमेरिकेत घरोघर पोचले. अब्राहम लिंकन यांनी त्याची मोठी वाखाणणी केल्याचे त्यांच्या एका निकटच्या चरित्रकाराने नमूद केले आहे. मरे यांच्या सर्व शालेय पुस्तकांच्या मिळून दीड ते दोन कोटी प्रती खपल्या असाव्या, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यातून जो पैसा मिळाला तो त्यांनी परोपकारार्थ लाविला. मनोरुग्णांस साखळदंडाऐवजी मायेने वागविणारे जे आश्रयस्थान विल्यम ट्यूक यांनी यॉर्क येथे सन १७९६ मध्ये उघडिले, त्यासही मरे यांचे साह्य होते. आपल्या मागे राहणारी शिल्लक गुलामांची मुक्तता, त्यांच्या मुलांचे शिक्षण आणि दीनांचे साह्य यांकडे लागावी अशी त्यांनी व्यवस्था केली.

या ग्रंथाचा आमच्या मायबोलीशीही संबंध आहे. मुंबईचे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी सन १८३६ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा मांडणीकरिता त्यांच्यापुढे मरे यांचाच नमुना होता. संस्कृतातील संज्ञा व इंग्रजी व्याकरणाची पद्धति यांचा मेळ घालून त्यांनी जी परिभाषा सिद्ध केली, तिच्याच आधारावर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या व्याकरण शिकल्या. यॉर्कजवळच्या एका खोलीत, चालता न येणाऱ्या मनुष्याने मूठभर मुलींकरिता जे लिहिले, त्याचा पडसाद अशा रीतीने दहा वर्षांमागे त्याने देह ठेविल्यावर गिरगावच्या शाळांपर्यंत पोचला.

मरे यांच्या व्याकरणात उणिवा नव्हत्या असे नाही. इंग्रजीस लॅटिनच्या साच्यात बसविण्याची ओढ त्यात दिसते. कारणे देऊनही नियम पाठ करण्यावरच शाळांनी भर दिला, त्यामुळे कित्येक मुलांस त्यांचे नाव ऐकताच कंटाळा येई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका टीकाकाराने तर खुद्द मरे यांच्या लेखनातील चुका वेचून त्यांचे स्वतंत्र पुस्तक काढिले! याहून गंभीर आक्षेप असा की, ग्रंथातील भाषा तेवढी शुद्ध व घरची बोली अशुद्ध, अशी समजूत असल्या पुस्तकांनी दृढ केली. आमचे विद्यार्थी मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी अशा बोली बोलणाऱ्या घरांतून येतात. त्यांस आमचे सांगणे हेच की, व्याकरण शिकावे ते आईच्या बोलीची लाज वाटावी म्हणून नव्हे. अनोळखी मनुष्यासही आपले मनोगत जसेच्या तसे कळावे म्हणून. सुताराचा ओळंबा भिंत उभी करीत नाही, पण ती कलली असल्यास दाखवितो. कर्ता, कर्म, विशेषण या संज्ञा म्हणजे असेच ओळंबे होत.

लिंडले मरे सन १८२६ मध्ये, ऐंशी वर्षांचे होऊन निवर्तले. यॉर्क येथील क्वेकरांच्या साध्या दफनभूमीत त्यांस पुरण्यात आले. आपल्या आयुष्याची हकीकत त्यांनी आपली लेखनिक व स्नेही एलिझाबेथ फ्रँक हिला पत्रांच्या रूपाने लिहून ठेविली होती. ती त्याच वर्षी प्रसिद्ध झाली.

बालमित्रहो, पुढील खेपेस वाक्याचे पृथक्करण करावयास बसाल तेव्हा खिडकीशी बसलेल्या या गृहस्थाचे स्मरण करा. जे गेले त्याबद्दल त्यांनी रडगाणे गायिले नाही. जे उरले त्याचा हिशेब केला आणि ते सर्व दुसऱ्यांच्या मुलांकरिता खर्चिले. आणि पालकहो, नियम मोडणाऱ्या मुलास दंड करण्यापूर्वी नियमाचे कारण त्यास सांगितले आहे काय, एवढे आपल्या मनास विचारून पाहा. त्या मुलांतच एखादा लिंडले असेल.