13व्या वर्षी जिवावरचं बाळंतपण, पुढे इंग्लंडची राजमाता: कोण होती मार्गारेट ब्यूफोर्ट?

जानेवारी 1457. वेल्समधल्या पेम्ब्रोक किल्ल्यात 13 वर्षांची एक मुलगी बाळंतीण झाली. तिचा नवरा, एडमंड ट्यूडर, जेमतेम तीन महिन्यांपूर्वी प्लेगनं दगावला होता. बाळ वाचलं, आईही वाचली. पण मार्गारेट ब्यूफोर्टला पुन्हा कधीच मूल झालं नाही.

नेमकी इजा काय झाली, याची वैद्यकीय नोंद नाही. मार्गारेट अंगानं लहानखुरी होती आणि पुढच्या दोन लग्नांनंतरही तिला दिवस गेले नाहीत. त्यामुळे या बाळंतपणानं तिच्या शरीराचं कायमचं नुकसान झालं, असं इतिहासकार मानतात.

तेव्हाच्या चर्चच्या कायद्यानुसार 12व्या वर्षी मुलीचं लग्न होऊ शकत होतं. मात्र इतक्या लहान मुलीशी लगेच संसार सुरू करणं त्या काळीही योग्य समजलं जात नसे. मग एडमंड थांबला का नाही? मार्गारेट मोठ्या जमीनजुमल्याची वारस होती. मूल झालं, की त्या जमिनींचं उत्पन्न नवऱ्याला तहहयात मिळायचं. हिशेब इतका सरळ होता.

बाळंतपणानंतर दोनच महिन्यांत, मार्चमध्ये, ती दीर जॅस्परसोबत पुढच्या लग्नाची बोलणी करायला निघाली. एकट्या विधवेचं लग्न दुसऱ्यांनी ठरवण्याआधी आपणच ठरवलेलं बरं! पण मुलगा हेन्री जवळ राहिला नाही. आधी त्याचा ताबा दुसऱ्या सरदाराकडे गेला, मग 1471 मध्ये तो परागंदा झाला आणि 14 वर्षं परदेशात राहिला. 1483 मध्ये मार्गारेटनं तिसऱ्या रिचर्डविरुद्धच्या कटात उडी घेतली. कट फसला, तिची मालमत्ता गेली. ऑगस्ट 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला आणि हेन्री राजा झाला, सातवा हेन्री. त्याच वर्षी पार्लमेंटनं मार्गारेटला नवरा हयात असतानाही स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा हक्क दिला. त्या काळातल्या विवाहित बाईसाठी ही फार मोठी गोष्ट.

जुनी जखम पुन्हा वर आली ती नातीच्या लग्नावरून. थोरली नात, तीही मार्गारेटच, स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सला द्यायची बोलणी 1498 मध्ये सुरू होती. पोरगी नऊ वर्षांचीही नव्हती. आजी आणि आई, दोघींनी विरोध केला. मुलीला इतक्या लवकर पाठवलं तर राजा थांबणार नाही आणि तिला इजा होईल, ही त्यांची भीती हेन्रीनंच एका स्पॅनिश राजदूताला सांगितली होती. या भीतीमागे आजीचा स्वतःचा अनुभव होता, हे वेगळं सांगायला नको. पाठवणी लांबली, ती 1503 पर्यंत. तेव्हाही नात 13 वर्षांचीच होती. तिचं पहिलं मूल मात्र 17व्या वर्षी झालं.

उतारवयात मार्गारेटचा पैसा शिक्षणाकडे वळला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये तिनं धर्मशास्त्राची प्राध्यापकपदं सुरू केली, 1505 मध्ये केंब्रिजला क्राइस्ट्स कॉलेज उभं केलं. दुसऱ्या कॉलेजची तयारी चालू असतानाच जून 1509 मध्ये, मुलाच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी, ती गेली. तिच्या पैशावर आता नातवाचा, आठव्या हेन्रीचा, डोळा होता. तिचे धर्मगुरू जॉन फिशर यांनी नेटानं झगडून जमेल तेवढा पैसा वाचवला आणि 1511 मध्ये सेंट जॉन्स कॉलेज स्थापन झालं.

याच सेंट जॉन्समधून 1899 मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनिअर रँग्लर झाले, आपले रँग्लर परांजपे. मुलींना तिथे पदवीसाठी प्रवेश मिळायला मात्र 1980चं दशक उजाडावं लागलं.