पगार आणि प्रतिष्ठा

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी विषमता आकड्यांनी मोजतो. माणसाचे उत्पन्न कळले की समाजातली त्याची पायरी कळली, असे धरून चालतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र अर्थशास्त्राच्या नजरेने वाचले, तर हे गृहीत टिकत नाही. म्हणूनच ते चरित्र येथे थोडक्यात मांडतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरजवळच्या महू छावणीत त्यांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ हे लष्करातले निवृत्त सुभेदार. पुढे सातारा जिल्ह्यात गोरेगावला ते खजिनदार होते. १९०१ साली छोटा भीमराव व बरोबरची मुले वडिलांकडे जाण्यासाठी मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे, जवळ भाड्याचे पैसे. पण जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक जण आला. तोही गाडी मुलांना हाकायला लावून स्वतः बाजूने चालत राहिला. शिदोरी होती, पण वाटेत रात्रभर पाणी मिळाले नाही. मागणी-पुरवठ्याच्या कोणत्या तक्त्यात हे दुप्पट भाडे बसवायचे?

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. होऊन पुढे लंडनला शिकू लागले. शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा करारानुसार १९१७ साली ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पदवी होती, सरकारी हुद्दा होता; राहायला जागा मात्र नव्हती. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. शहरात कोणीही आसरा दिला नाही आणि त्यांना बडोदे सोडावे लागले.

१९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये, म्हणजे त्या काळी मोठी रक्कम. तरी प्राध्यापकांच्या माठातले पाणी त्यांनी पिऊ नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. चाळीत काटकसरीने राहून त्यांनी पैसे साठवले. त्यात राजर्षी शाहू महाराजांची मदत व एका मित्राचे कर्ज यांची भर पडली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ साली डी.एस्सी. मिळाली.

आम्हाला वर्गात ॲडम स्मिथची श्रमविभागणी शिकवतात. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले, की जातिव्यवस्था श्रमांची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी करते. काम माणसाच्या कुवतीवरून न ठरता जन्मावरून ठरते. मग जे काम हलके मानले, त्याची मजुरीही हलकीच राहते. उत्पन्नाची विषमता येथे प्रतिष्ठेच्या विषमतेतून उगवते, असा याचा अर्थ मी लावतो.

म्हणूनच त्यांनी दोन्ही आघाड्यांवर काम केले. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी खुले करण्यासाठी सत्याग्रह केला. १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी इशारा दिला, की मताची समता आणि जीवनातली विषमता फार काळ एकत्र नांदणार नाहीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

उद्या आपल्यापैकी काही जण बँकेत जातील, काही हिशेबनीस होतील आणि परगावी खोली शोधतील. त्या वेळी घरमालक आधी पगार विचारतो की आडनाव, हे प्रत्येकाने नीट पाहावे. आणि आपण स्वतः घरमालक झालो, तर आपला पहिला प्रश्न कोणता असेल, तेही आजच ठरवून ठेवावे.