नॉकिंगच्या मागे लागलेला माणूस : थॉमस मिजली

इंजिन ट्यूनिंग शिकायला सॉफ्टवेअर उघडलं की पहिल्याच दिवशी एक टेबल समोर येतं. आडवे आरपीएम, उभा इंजिनवरचा लोड आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पाडायची, तो हा आकडा. कमी लोडच्या चौकटी सोप्या. एकेक अंश वाढवत जायचं, टॉर्क वाढायचा थांबला की आपणही थांबायचं. खरी परीक्षा जास्त लोडला. तिथे टॉर्क अजून वाढतच असतो आणि तेवढ्यात पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज येतो. हेच नॉकिंग. तिथून दोन-तीन अंश मागे यायचं. हट्ट केला तर पिस्टनला भोक!

आमच्या क्लबच्या गाडीवर हे शिकताना मला एक प्रश्न पडला. नॉक सेन्सर नाही, ईसीयू नाही, अशा काळात लोक या आवाजाचं काय करत असतील? उत्तर शोधता शोधता मिजली सापडला, आणि मग काही पिच्छा सोडेना.

थॉमस मिजलीचा जन्म १८८९ चा, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर फॉल्सचा. १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून बाहेर पडला तो मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून. हे लक्षात ठेवा मित्रांनो, कारण पुढे नाव कमावलं ते केमिस्ट्रीत! १९१६ मध्ये तो ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली रुजू झाला. केटरिंग म्हणजे मोटारीला इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर देणारा माणूस. त्याच्या बॅटरी इग्निशनमुळेच इंजिनं ठोके मारतात, अशी तेव्हा ओरड होती. हा डाग पुसायचं काम नव्या पोराकडे आलं.

मिजलीने काय केलं, तर सिलिंडरच्या आतला दाब प्रत्यक्ष बघायची सोय केली. त्यातून कळलं की ठिणगी लवकर पडते म्हणून काही हा आवाज होत नाही. ठिणगी वेळेवरच पडते, ज्वाला पसरायला लागते, आणि मग दाब एकदम उसळतो. ज्वाला पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. म्हणजे दोष इग्निशनचा नव्हता, इंधनाचा होता.

मग सुरू झाला शोध. पहिली कल्पना अशी, की इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता शोषून लवकर वाफ होईल. बर्फाखाली फुलणाऱ्या एका रानवेलीच्या लालसर पानांवरून हे सुचलं म्हणे! तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता म्हणून आयोडीन टाकलं. नॉकिंग कमी! नंतर खरे लाल रंग आणून टाकले तर कशाचाच परिणाम नाही. कल्पना साफ चुकीची, पण प्रयोग बरोबर. आयोडीन महाग आणि धातू खाणारं, त्यामुळे ते बाद. ॲनिलीन झालं, सेलेनियम झालं, टेल्युरियम झालं. टेल्युरियमचा वास तर अंगाला असा चिकटायचा की आंघोळ करूनही जात नसे. शेवटी पिरियॉडिक टेबल समोर ठेवून शिस्तीत शोध घेतला. ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राएथिल लेड इंजिनात घातलं आणि ठोके बंद. हजार भाग पेट्रोलला एक भागही लागत नव्हता.

इथेच माझं मन अडकतं. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग थांबतं, हे मिजलीला पक्कं ठाऊक होतं. त्याच वर्षी त्याने ते दाखवूनही दिलं होतं. (आज आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेही उसापासून वगैरे!) पण अल्कोहोल भरपूर लागायचं आणि त्याचं पेटंट कोण देणार? लेड चिमूटभर पुरायचं आणि पेटंट हातात. शिसं विषारी असतं हे काही नवीन ज्ञान नव्हतं. तरी १९२३ च्या फेब्रुवारीत डेटनमध्येच विक्री सुरू झाली. नाव ठेवलं एथिल, त्यात लेड हा शब्दच नाही. त्याच सुमारास मिजली स्वतः शिशाच्या बाधेने आजारी पडून फ्लोरिडाला विश्रांतीला गेला होता.

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या रिफायनरीत हे रसायन बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊ लागले. पाच जण गेले, कित्येक हॉस्पिटलात. त्यावर मिजलीने काय करावं? पत्रकारांसमोर ते द्रव हातावर ओतून घेतलं आणि मिनिटभर त्याची वाफ हुंगून दाखवली. स्वतः आजारी पडून आलेला माणूस! हे मला आजही पटत नाही. नुसता अडाणीपणा असता तर समजलं असतं. १९२५ मध्ये विक्री थांबवून चौकशी झाली आणि पुढच्या वर्षी पुन्हा चालू झाली.

पुढे त्याने फ्रिजसाठी फ्रेऑन शोधला. त्या गॅसने पुढे ओझोनचं काय केलं ते आपण शाळेत शिकलोच आहोत. असो. पदकं मिळाली, अमेरिकन केमिकल सोसायटीचं अध्यक्षपदही मिळालं. १९४० मध्ये पोलिओ झाला. पलंगावरून उठता यावं म्हणून या मेकॅनिकल इंजिनिअरने दोर आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ ला त्याच दोरांत गळा आवळून तो गेला. वय ५५.

लेडने जे केलं ते आज बरंचसं सॉफ्टवेअर करतं. इंजिन ब्लॉकवरचा सेन्सर ठोका ऐकतो, ईसीयू लगेच टायमिंग मागे घेतो आणि मग हळूहळू पुन्हा पुढे आणतो. मिजलीच्या काळी कॉम्प्रेशन रेशो चारच्या आसपास असायचा, आज साध्या गाडीतही दहा-अकरा असतो, तोही लेडशिवाय. पण लेड हटायला सुरुवात झाली ती माणसांच्या रक्तामुळे जेवढी, तेवढीच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लेडने निकामी होतो म्हणून! आपल्याकडे १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर आला आणि अनलेडेड पेट्रोलही आलं. स्टाफपैकी अनेकांना पंपावरचा तो वेगळा नळ आठवत असेल. २००० साली देशभर लेड बंद झालं. आपण हॉस्टेलवाले बहुतेक त्यानंतर जन्मलेले. जगात शेवटचा पंप बंद झाला अल्जीरियात, २०२१ मध्ये.