विश्लेषण : मंजुरी छोट्या धरणाला, पाया मोठ्या धरणाचा! विश्वेश्वरय्यांनी तिजोरीचा प्रश्न कसा हाताळला?

15 सप्टेंबर हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (1861-1962) यांचा जन्मदिवस अभियंता दिन म्हणून साजरा होतो. त्यांची धरणे सर्वांना माहीत आहेत. त्यासाठी पैसा कसा उभा राहिला, हे फारसे सांगितले जात नाही.

खडकवासल्यात काय केले?

पुण्यात शिकलेले विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याचा साठा अपुरा पडत होता, पण धरणाची भिंत उंच करायची तर खर्च मोठा. त्यांनी भिंतीला हातच लावला नाही. 1903 मध्ये सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. ठरावीक पातळीपर्यंत पाणी अडायचे, पूर आला की दरवाजे आपोआप उघडायचे आणि ओसरला की मिटायचे. जुन्याच धरणात पाण्याची पातळी सुमारे 8 फुटांनी वाढली.

म्हैसूरमध्ये पेच कोणता होता?

1909 मध्ये ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाला अर्थखात्याचा विरोध होता. एवढी वीज घेणार कोण, हा त्यांचा सवाल. विश्वेश्वरय्यांनी गिऱ्हाईकच दाखवले: कोलारच्या सोन्याच्या खाणी. शिवनसमुद्रची वीज 1902 पासून तिथे जात होती, पण उन्हाळ्यात नदी आटली की ती कमी पडे. साठवलेल्या पाण्यावर बारमाही वीज मिळेल आणि तिचे उत्पन्न खर्चाचा भार उचलेल, असा हिशेब त्यांनी मांडला. 1911 मध्ये महाराजांनी पहिल्या टप्प्याला 81 लाख रुपये मंजूर केले. सिमेंट परदेशातून आणावे लागे, म्हणून बांधकाम चुना-सुरखीत झाले.

पाया मोठा का घातला?

खालच्या अंगाच्या मद्रास सरकारचा विरोध असल्याने फक्त 11 टीएमसी साठ्याला परवानगी मिळाली. मूळ आराखडा 41.5 टीएमसीचा होता. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र मोठ्या धरणाचाच घातला. आजच्या लेखापरीक्षणात यावर नक्की आक्षेप निघाला असता, आणि तो चुकीचाही म्हणता येणार नाही. पुढची परवानगी मिळाली नसती, तर पायातला जादा पैसा मातीत गेला असता. पण पाया नंतर रुंद करता येत नाही, भिंत मात्र वाढवता येते. 1912 मध्ये तेच दिवाण झाले. पैसा मागणारा आणि देणारा एकच!

मद्रासशी वाद लवादापर्यंत गेला आणि 1924 च्या कराराने मिटला. विश्वेश्वरय्यांनी दिवाणपद सोडले होते 1918 मध्येच. धरणाने पूर्ण उंची गाठली ती त्यानंतर, त्याच पायावर.