डॉ. द्वारकानाथ कोटणीस

पंजाबातील लुधियाना शहरात ॲक्युपंक्चरचे, म्हणजे सूचिचिकित्सेचे, एक रुग्णालय आहे. त्याला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव दिलेले आहे. वास्तविक कोटणीसांची ख्याती शल्यचिकित्सक म्हणून. मग सुईच्या या विद्येशी त्यांचे नाव कसे जोडले गेले?

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. जखमींची संख्या वाढत होती आणि डॉक्टर अपुरे पडत होते. सेनापती जू द यांनी पंडित नेहरूंकडे साहाय्य मागितले, तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर आणि बंगालचे डॉ. मुखर्जी व डॉ. बसू हे इतर सहकारी होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबई सोडली.

चीनमध्ये असतानाच द्वारकानाथांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. ते परत फिरले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु ते पुढे निघाले आणि १९३९ साली येनानला पोहोचले.

वैद्यकाची पदवी हाती असली, तरी येथे त्यांना पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. रुग्ण आपले दुखणे ज्या शब्दांत सांगतो, ते शब्दच कळले नाहीत तर उपचार कसे करणार? त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली आणि पुढे त्याच भाषेत ते शिकवू लागले. तेथे त्यांना के दिहुआ हे चिनी नाव मिळाले. १९४१ साली ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी परिचारिकांना शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव यिनहुआ ठेवले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. अपस्माराने मात्र त्यांना ग्रासले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. विद्यार्थ्यांसाठी लिहावयास घेतलेले शस्त्रक्रियेवरील पुस्तक अपुरेच राहिले.

त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू भारतात परतले. १९५८ साली ते पुन्हा चीनला गेले, ते या वेळी शिकण्यासाठी. शरीरात ‘ची’ नावाची चैतन्यशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते, असे जुने चिनी वैद्यक मानते. त्या मार्गांवरील नेमक्या बिंदूंमध्ये बारीक सुया टोचून उपचार करतात. असे मार्ग आधुनिक शरीरशास्त्राला आढळलेले नाहीत; तरी काही प्रकारच्या वेदनांत या उपचारांचा उपयोग केला जातो. बसूंनी ही विद्या कोलकात्यात आणली, रुग्णांवर उपचार केले आणि इतर डॉक्टरांनाही ती शिकविली. दिवंगत मित्राच्या स्मृतीसाठी काम करणाऱ्या समितीमार्फत सूचिचिकित्सेची केंद्रे चालू लागली. १९९६ साली पश्चिम बंगालने या चिकित्सेसाठी स्वतंत्र कायदा केला.