वीस मिनिटांत सापडलेली वाट : एड्सगर डायक्स्ट्रा

नेटवर्किंगच्या लॅबमध्ये राऊटरला कन्सोल केबल जोडली की समोर काय येतं? काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. माऊस नाही, चित्रं नाहीत, सगळा कारभार टाईप करून. आधी इनेबल, मग कॉन्फिगर टर्मिनल, मग राऊटर ओएसपीएफ १ आणि त्याखाली नेटवर्कचे पत्ते. शेवटी शो आयपी रूट टाईप केलं की ओ अक्षराने सुरू होणाऱ्या काही ओळी दिसतात आणि त्यात चौकटी कंसात ११०/६५ असा काहीतरी आकडा असतो. आपण तो जर्नलमध्ये उतरवतो, सरांची सही घेतो आणि कॅन्टीन गाठतो.

पण तो ६५ आला कुठून? आपण तर तो टाईप केलेला नसतो. राऊटरनेच नेटवर्कचा सगळा नकाशा डोक्यात घेऊन, प्रत्येक ठिकाणी सर्वांत स्वस्तात कसं पोहोचायचं हे काढलेलं असतं. ही काढण्याची रीत ज्याने शोधली त्याने राऊटर कधी बनवला नाही. १९५६ मध्ये त्याला ती सुचली तेव्हा जगात राऊटर नावाची वस्तूच नव्हती. त्या माणसाचं नाव एड्सगर डायक्स्ट्रा. (स्पेलिंगमधल्या जे मुळे आपल्याकडे निम्मा वर्ग त्याला डिजिक्स्ट्रा म्हणतो. डच भाषेत तो जे वेगळा उच्चारत नाहीत.)

डायक्स्ट्राचा जन्म ११ मे १९३० चा, हॉलंडमधल्या रॉटरडॅमचा. वडील केमिस्ट्रीचे शिक्षक, आई गणितज्ञ. तो दहा वर्षांचा झाला आणि तिसऱ्याच दिवशी जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा मध्यभाग बेचिराख केला. बालपण युद्धात गेलं. शाळेत असताना त्याला वकील व्हायचं होतं, संयुक्त राष्ट्रसंघात देशाचं प्रतिनिधित्व करायचं होतं. पण गणित आणि सायन्सचे मार्क इतके उत्तम आले की सगळ्यांनी त्याला सायन्सलाच ढकललं! ही गोष्ट वाचून आपल्यापैकी अनेकांना घरची आठवण येईल.

लायडन युनिव्हर्सिटीत तो फिजिक्स शिकायला लागला. १९५१ मध्ये इंग्लंडात केंब्रिजला प्रोग्रॅमिंगचा तीन आठवड्यांचा कोर्स केला आणि तिथून गाडीचा रूळ बदलला. १९५२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये तो प्रोग्रॅमर म्हणून लागला. हॉलंडमधला पहिला प्रोग्रॅमर तोच, असं मानतात. पण मनात धाकधूक होतीच. फिजिक्सला मान होता, प्रोग्रॅमिंगला शास्त्र म्हणायलाही कोणी तयार नव्हतं. त्याने आपल्या वरिष्ठांना, म्हणजे व्हान वाइंगार्डन यांना, हे बोलून दाखवलं. त्यांनी समजावलं की कॉम्प्युटर आता जाणार नाहीत, आणि या कामाला प्रतिष्ठा मिळवून देणारा माणूस तूच का असू नयेस? डायक्स्ट्राने निर्णय घेतला. तरीही १९५७ मध्ये लग्न नोंदवताना व्यवसाय प्रोग्रॅमर असं सांगितलं तर नोंदणी कार्यालयाने ते मानलं नाही, असा व्यवसायच नाही म्हणे! शेवटी कागदावर फिजिसिस्ट लिहावं लागलं. आज प्रत्येक घरात एक तरी आयटीवाला असलेल्या पुण्यात हे खरं वाटत नाही.

आता ती वीस मिनिटं. १९५६ साल. सेंटरमध्ये आर्माक नावाचा नवा कॉम्प्युटर तयार झाला होता आणि उद्घाटनाला येणाऱ्या सामान्य लोकांना कळेल असं काहीतरी करून दाखवायचं होतं. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा सर्वांत जवळचा रस्ता कोणता, हा प्रश्न कोणालाही समजतो. एके दिवशी तो होणारी बायको रिया हिच्याबरोबर ॲमस्टरडॅममध्ये खरेदी करत होता. दमले म्हणून दोघं एका कॅफेत कॉफी प्यायला बसले, आणि तिथे बसल्या बसल्या वीसेक मिनिटांत त्याने रीत तयार केली. कागद नाही, पेन्सिल नाही. पुढे तो म्हणायचा की कागद नव्हता म्हणूनच ती इतकी साधी झाली, कारण टाळता येईल तो सगळा गुंता टाळावाच लागला. आर्माकवर त्याने हॉलंडची ६४ शहरं घेतली, कारण ६ बिटमध्ये तेवढीच बसतात.

रीत आपण आपल्याच गावात करून बघू. वाट शोधण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच. बोरघाटातलं शिंग्रोबाचं देऊळ, इंग्रजांना घाटातून वाट दाखवणाऱ्या धनगराचं, अशी आख्यायिका आहे. समजा, लोणावळ्याहून पवनानगरला जायचंय. एक वाट जुन्या हायवेने कार्ला फाटा, कामशेत आणि मग उजवीकडे. दुसरी दुधिवरे खिंडीतून. मिनिटं आपली अंदाजाने धरू : कार्ला फाटा १५, तिथून कामशेत १०, कामशेतहून पवनानगर २५. दुसरीकडे खिंड ३०, खिंडीतून पवनानगर २५.

लोणावळ्याला शून्य लिहा. ज्या ठिकाणांचा हिशेब अजून पक्का नाही त्यातलं सर्वांत कमी आकड्याचं ठिकाण उचला : कार्ला फाटा, १५. हे पक्कं. का पक्कं? कारण दुसऱ्या कुठल्याही वाटेने यायचं तर आधी १५ पेक्षा लांबच्या ठिकाणी जावं लागेल, आणि तिथून पुढे मिनिटं वाढतातच, कमी कधी होत नाहीत. संपूर्ण रीतीचा जीव या एका वाक्यात आहे. कार्ल्यावरून कामशेत २५, तेही पक्कं. कामशेतवरून पवनानगर ५०. मग खिंड ३०, तिथून पवनानगर ५५ येतं, पण ५० आधीच हातात आहे, म्हणून सोडून द्या. उत्तर कामशेतवरून, ५० मिनिटं. आता पावसात कार्ला फाट्याला झाड पडलं तर? राऊटर ही बातमी सगळ्या राऊटर्सना कळवतो, प्रत्येक जण हाच हिशेब पुन्हा मांडतो आणि खिंडीची ५५ ची वाट धरतो. आपल्याला एकही कमांड द्यावी लागत नाही.

राऊटर मिनिटांऐवजी कॉस्ट धरतो. सिस्कोच्या राऊटरमध्ये १०० एमबीपीएसला लिंकच्या वेगाने भागून ती निघते. १.५४४ एमबीपीएसच्या सिरियल लिंकची ६४, पुढच्या फास्ट इथरनेटची १, झाले ६५. पण गंमत बघा, या हिशेबात गिगाबिट लिंकचीही कॉस्ट १ च येते, कारण १ च्या खाली आकडा जात नाही. म्हणजे एक्स्प्रेस वे आणि जुना हायवे राऊटरला सारखेच! तिथे ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ ही कमांड सगळ्या राऊटर्सवर सारखी द्यावी लागते. आतला हिशेब माहीत असेल त्यालाच ही कमांड का द्यायची ते कळतं. बाकीचे एकामागून एक कमांडी मारून बघतात.

डायक्स्ट्राने हा शोध तीन वर्षं छापलाच नाही. १९५९ मध्ये छापला तोही तीन पानांत, आणि त्यात आणखी एक प्रश्न सोडवलेला. त्या काळच्या इंटरनेटच्या पूर्वजाने, आर्पानेटने, सुरुवातीला वेगळी पद्धत वापरली होती. प्रत्येक यंत्र शेजाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचं, त्यामुळे एक चुकलं की सगळे चुकायचे. १९८० च्या सुमारास प्रत्येक यंत्राने नकाशा ठेवून स्वतः हिशेब करायचा असं ठरलं, आणि हिशेबाची रीत आली कॅफेतली. ओएसपीएफचा पहिला मसुदा १९८९ चा.

बाकीची कामगिरी आपल्या सिलॅबसमध्ये विखुरलेली आहे. १९६० मध्ये झोनेवेल्डबरोबर त्याने अल्गोल ६० चा कंपायलर लिहिला. काम संपेपर्यंत दाढी करायची नाही असं दोघांनी ठरवलं होतं म्हणतात. झोनेवेल्डने काम संपल्यावर केली, डायक्स्ट्राने जन्मभर ठेवली. १९६२ पासून आइंडहोव्हनला प्रोफेसर. ऑपरेटिंग सिस्टिमच्या व्हायवात छळणारे सेमाफोर आणि जेवायला बसलेले ते पाच फिलॉसॉफर त्याचेच. १९६८ मध्ये गो टू या कमांडविरुद्ध त्याचं पत्र छापून आलं आणि एकच गदारोळ उडाला. १९७२ मध्ये ट्युरिंग ॲवॉर्ड मिळालं.

त्याचं म्हणणं आयुष्यभर एकच : प्रोग्रॅम चालवून बघितला आणि चालला, एवढ्याने तो बरोबर ठरत नाही. चाचणीत चुका सापडतात, चुका नाहीत हे सिद्ध होत नाही. म्हणून आधी विचार, मग यंत्र. हे तो फार कडवटपणे सांगायचा. बेसिक शिकलेल्या मुलांची डोकी कायमची बिघडतात असं त्याचं मत होतं. शाळेत बेसिक शिकलेल्या आपल्या सिनियर्सवर हा सरळसरळ अन्याय आहे! त्याच्याशी वाद घालणं सहकाऱ्यांना सोपं गेलं नसणार. आणि तरी, लॅबमध्ये एरर आली की वाचायच्या आधी दुसरी कमांड टाईप करणारे आपण बघितले की त्याचा राग थोडा समजतो.

१९८४ मध्ये तो अमेरिकेत ऑस्टिनला टेक्सास युनिव्हर्सिटीत गेला आणि १९९९ पर्यंत शिकवत राहिला. कॉम्प्युटरच्या या दिग्गजाच्या घरी टीव्ही नव्हता. कितीतरी वर्षं स्वतःचा कॉम्प्युटरही वापरला नाही, पुढे एक मॅकिंटॉश घेतला तो ईमेल आणि वेबपुरता. लिखाण फाऊंटन पेनने, सुवाच्य अक्षरात, जवळजवळ खाडाखोड न करता.

शेवटी तो हॉलंडला न्यूनेन गावी परतला आणि ६ ऑगस्ट २००२ रोजी कॅन्सरने गेला. वय ७२. त्याने हाताने आणि टाईप करून लिहिलेली, ईडब्ल्यूडी ही आद्याक्षरं आणि क्रमांक घातलेली १३०० हून अधिक टिपणं टेक्सास युनिव्हर्सिटीने स्कॅन करून सगळ्यांसाठी फुकट ठेवली आहेत. शेवटच्या टिपणाचा क्रमांक १३१८, तारीख एप्रिल २००२ ची.